पाचट पेटवू नका, एवढं सांगून भागत नाही



मातीच्या आरोग्यावर बोलताना मी माझ्या चुकीपासून सुरुवात करतो.

आमच्याकडं ऊस तुटला की पाचट पेटवतात. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं, म्हणजे तेवढा सेंद्रिय पदार्थ दरवर्षी धुरात जातो. कृषी पदविका घेऊन मी गावी परतलो आणि चाचांना म्हणालो, "पेटवू नका, सरीत दाबा." ते म्हणाले, "अरे, उंदीर होतील, पाणी पुढं सरकणार नाही." मी हट्ट धरला. माझ्या शब्दावर त्यांनी एका एकरातलं पाचट ठेवलं. थोड्याच दिवसांत खोडवा पिवळा पडला. गावात चाचांचं हसं झालं.

पाचटात कर्ब भरपूर, नत्र अगदी थोडं. ते कुजवणारे जिवाणू लागणारं नत्र जमिनीतूनच उचलतात आणि पीक उपाशी राहतं. म्हणून हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सुपर फॉस्फेट आणि 10 किलो जिवाणू संवर्धक पाचटावर टाकायची शिफारस आहे. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. चाचांना सांगायचं राहिलं.

चाचांकडं जायला पाय उचलत नव्हता. तरी गेलो, माफी मागितली आणि सकाळी युरियाचं पोतं घेऊन शेतात उतरलो. पीक सावरलं, पण उतारा कमीच आला. तरीही पुढच्या वर्षी चाचांनी काडी लावली नाही. का, विचारलं तर म्हणाले, "पाण्याची पाळी लांबली, तरी तिथं ओल टिकली होती. आणि तू पळून गेला नाहीस."

शेजारचा बटाईदार मात्र आजही पाचट जाळतो. त्याचा प्रश्न सरळ आहे: "पुढच्या साली जमीन माझ्याकडं राहील का?" सुपीकता वाढायला तीन-चार वर्षं लागतात, त्याचा करार एका वर्षाचा, तोही तोंडी. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. आम्ही आता मालकाशी तीन वर्षांच्या लेखी कराराचं बोलतोय. अजून होकार आलेला नाही.

तुमच्यापैकी अनेकांची गावाकडं थोडी तरी जमीन असेल. सुट्टीत गेलात की माती परीक्षण जरूर करून घ्या, सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्यांच्या खाली आहे का बघा. पण सल्ला देण्याआधी शेतात राबणाऱ्याची भीती ऐका, पाचट पसरणाऱ्या बायांनाही विचारा. आणि सल्ला चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर उभे राहा.