गळका व्हॉल्व्ह आणि गप्प कामगार
(कामगार शिक्षण शिबिरात रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



मी मॅट्रिक झालेला, एअर ब्रेकवर हात काळे केलेला फिटर. आज मी समुद्राखाली घालायच्या पोशाखावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही जण हसले. जरूर हसा, पण पाच मिनिटे ऐका.

माझा पुतण्या पाणबुड्या आहे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर सॅमन माशांच्या जाळ्या पाण्यात उतरून तपासण्याचे कंत्राटी काम तो करतो. तिथले पाणी हाडे गोठवणारे. पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. म्हणून ड्रायसूट घालतात. गळ्याला आणि मनगटांना घट्ट रबरी पट्टी, आत कोरडे गरम कपडे आणि थोडी हवा. सूटला दोन व्हॉल्व्ह असतात. छातीवरच्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरची हवा आत घ्यायची, डाव्या दंडावरच्या व्हॉल्व्हमधून बाहेर सोडायची. खाली जाताना पाण्याचा दाब सूट आवळतो, तेव्हा हवा भरायची. वर येताना तीच हवा फुगते, तेव्हा सोडायची. १० मीटर खोलीवरून वर येईपर्यंत ती दुप्पट होते.

मागच्या सुट्टीत पोरगा तो सूट घेऊनच घरी आला. म्हणाला, "काका, तीन आठवडे डावी बाही भिजतेय. नवा व्हॉल्व्ह घ्यावा लागणार, आणि पैसे माझ्याच पगारातून कापतील."

मी म्हटले, आधी गळती शोधू, मग खर्चाचे बघू. बाही भिजली म्हणजे व्हॉल्व्हच गळला, असे नसते. मूठ आवळली की मनगटाच्या शिरा वर येतात आणि रबरी पट्टीखालून पाणी शिरते. दोष कुठला, हे तपासल्याशिवाय पाना उचलायचा नाही, हे आपण शेडमध्ये पहिल्या वर्षी शिकतो.

टपाल खात्यातल्या साथींनी सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधले आहे. तीच युक्ती. पण इथे एक मेख आहे. दंडावरचा व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडण्यासाठीच बनवलेला. सरळ सूट फुगवला तर हवा त्यातून निघणारच, ती गळती नव्हे. पाहायचे ते हे, की बाहेरचे पाणी तो आत घेतो का. म्हणून सूट उलटा केला. मनगटांत प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि गळ्यात बरणी घट्ट बसवली. एका बाटलीला भोक पाडून ट्यूबचा वॉल बसवला आणि सायकलच्या पंपाने बेताची हवा भरली. मग ब्रेक पाइपच्या जोडाला लावतो तसे साबणाचे पाणी ब्रशने लावले. मनगटे कोरी. व्हॉल्व्हच्या मधोमध मात्र बारीक बुडबुडे.

कडेला बुडबुडे आले असते तर वॉशर वाकडा किंवा जोड ढिला. मधोमध आले, म्हणजे आतला रबरी पडदा नीट बसत नव्हता. व्हॉल्व्ह काढून कोमट पाण्यात भिजत ठेवला, फिरवून फिरवून धुतला. आतून निघाले काय? मिठाचे खडे आणि गरम कपड्याचा एक धागा! वॉशर सरळ ठेवून हाताने आवळला, पुन्हा साबण लावला. एक बुडबुडा नाही.

मग मी छातीवरच्या व्हॉल्व्हकडे वळलो. पोराने हात धरला. "काका, तो उघडायचा नाही. तो शिकलेल्या माणसाकडेच." बरोबर बोलला. तो व्हॉल्व्ह उघडा अडकला तर सूट फुगतो आणि माणूस बुचासारखा वर फेकला जातो. फुप्फुसे फाटू शकतात. त्या क्षणी होज काढायची आणि दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायचा, एवढेच हातात असते. रोज वापरानंतर गोड्या पाण्याने धुणे, हाच त्यावरचा खरा उपाय.

मी विचारले, "मग रोज धूत का नाहीस?" तो म्हणाला, "पाण्याबाहेर आलो की हजेरी संपते. धुण्याचा वेळ कोणी मोजत नाही. आणि गळती सांगितली तर पुढचे कंत्राट मिळेल की नाही, कोण जाणे."

साथींनो, खरा दोष इथे आहे! धागा तर निमित्त.

आपल्या गाडीत ब्रेक पाइपला प्रति चौरस सेंटिमीटर ५ किलो दाब असतो. हवा गळली तर ब्रेक आपोआप लागतो. ही सोय वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये काढली. गळतीच ओरडून सांगते, गाडी थांबवा. पाणबुड्याच्या सूटला अशी सोय नाही. तिथे गळती गप्प असते, आणि नोकरीच्या भीतीने कामगारही गप्प राहतो. बोटे बधिर झाली की मग उशीर झालेला असतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. साधन धुण्याचा, तपासण्याचा वेळ हा कामाचाच वेळ आहे. तो हजेरीत धरला पाहिजे. सुटा भाग कामगाराच्या पगारातून येता कामा नये. आणि दोष कळवणाऱ्याच्या पाठीशी युनियन उभी राहिली पाहिजे, मग तो कायम असो की कंत्राटी. आपल्या शेडमध्ये, सॉर्टिंगच्या खोलीत असा गप्प राहिलेला कोणी आहे का, ते उद्याच विचारा.

पुतण्या परत गेला आहे. जाताना मी त्याला ब्रश दिला आणि म्हटले, व्हॉल्व्ह धुवून ठेव आणि तोंड उघडे ठेव. तिथल्या युनियनचा पत्ता त्याने शोधला आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!