वेदनेवर शंखविषाचा उतारा

शरीराला झालेल्या इजेची वर्दी देणे हे वेदनेचे काम. परंतु इजा भरून आल्यावरही, किंवा बऱ्या न होणाऱ्या व्याधीत, ही वर्दी अहोरात्र येतच राहिली म्हणजे वेदना हीच एक व्याधी होऊन बसते. अशा रुग्णांना शेवटचा आधार अफूपासून काढलेल्या मॉर्फिनचा असतो. मॉर्फिन गुणकारी आहे, यात शंका नाही. किंबहुना भारतात गरजूंना ते मिळत नाही, हीच तक्रार मोठी. म्हणूनच १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ साली दुरुस्ती करावी लागली. तथापि काही रुग्णांत त्याची मात्रा वाढवीत न्यावी लागते, गुंगी येते, श्वसन मंदावते आणि एवढे सोसूनही वेदना हटत नाही.

या थोड्या, पण अत्यंत पीडित रुग्णांसाठी अफूशी नाते नसलेले एक औषध निघाले आहे. त्याचे नाव झिकोनोटाइड. फिलिपाइन्सचे बाल्डोमेरो ऑलिव्हेरा अमेरिकेत शिक्षण घेऊन मायदेशी परतले, तेव्हा डीएनएवरील संशोधनाची उपकरणे त्यांना तेथे उपलब्ध नव्हती. म्हणून त्यांनी किनाऱ्यावर मिळणारे विषारी शंख अभ्यासास घेतले. हे शंखातील प्राणी विषाच्या दंशाने मासा लुळा करून गिळतात. पुढे युटा विद्यापीठात, विद्यार्थिदशेतच असलेल्या मायकेल मॅकिन्टॉश यांनी ‘कोनस मॅगस’ या जातीच्या विषातून २५ अ‍ॅमिनो आम्लांचे एक पेप्टाइड वेगळे केले. झिकोनोटाइड ही त्याचीच प्रयोगशाळेत घडविलेली प्रतिकृती होय. औषधासाठी शंख गोळा करावे लागत नाहीत, हेही बरेच झाले.

वेदनेचा संदेश मज्जातंतूंवाटे मेरुरज्जूपर्यंत येतो. तेथे तंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म द्वारांतून कॅल्शियम आत शिरले, की संदेश पुढच्या पेशीकडे सोपविला जातो. झिकोनोटाइड ही द्वारे अडविते. ते पोटात घेऊन उपयोग नाही. शिरेवाटे दिल्यास रक्तदाब उतरतो. म्हणून पोटाच्या त्वचेखाली एक छोटा पंप बसवून, बारीक नळीने ते थेट मेरुरज्जूभोवतीच्या द्रवात थेंबाथेंबाने सोडतात. नळीवाटे जंतू शिरल्यास मेंदूच्या आवरणाचा दाह होण्याचे भय असते.

अमेरिकेत या औषधास डिसेंबर २००४ मध्ये मान्यता मिळाली. कर्करोग व एड्सच्या १११ रुग्णांवरील चाचणीत वेदनेची पातळी सरासरी ५३ टक्क्यांनी उतरली; ज्यांना औषधाऐवजी निष्क्रिय द्रव दिला, त्यांची १८ टक्क्यांनी. हा आकडा मात्र भुलविणारा आहे. त्या चाचणीत मात्रा झपाट्याने वाढविली होती आणि त्यामुळे चक्कर, मळमळ, तोल जाणे, मनाचा गोंधळ असे त्रासही पुष्कळ झाले. पुढे २२० रुग्णांवर मात्रा सावकाश वाढवून पाहिली, तेव्हा त्रास कमी झाला. पण वेदनाही तीन आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपासच उतरली, निष्क्रिय द्रवाने ७. आराम आणि उपद्रव यांतील अंतर इतके थोडे असल्याने अनुभवी हातांतच हे औषध शोभते. प्रारंभी दिवसाला २.४ मायक्रोग्रॅम, आणि कमाल मात्राही १९.२ मायक्रोग्रॅमच, म्हणजे ग्रॅमचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील वीसही नव्हेत.

ज्यांना पूर्वी तीव्र मनोविकार झाला असेल, त्यांना हे औषध वर्ज्य आहे. इतरांतही भास होऊ लागले, स्मरण ढळले, तर कुटुंबीयांनी ते डॉक्टरांना तत्काळ कळवावे, कारण रुग्णाला स्वतःला ते उमगेलच असे नाही. मॉर्फिन एकाएकी तोडता येत नाही. झिकोनोटाइडची सवय जडत नसल्याने ते त्याच दिवशी बंद करता येते. झालेला मनाचा गोंधळ त्यानंतर साधारणतः दोन आठवड्यांत ओसरतो.