कांदा, कपडा आणि आपला ठराव

(महासंघाच्या सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. गटांच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून इथे देत आहोत.)



आजच्या विषयपत्रिकेवर शेवटचा विषय कांदा सुकवण्याच्या युनिटचा आहे. बँकेचं कर्ज काढायचं, शेड टाकायची, मशीन बसवायचं. माल परदेशी पाठवणारा एक व्यापारी सगळा सुकवलेला कांदा उचलायला तयार आहे. त्याची अट एकच, माल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. गेल्या महिन्यात गावोगावच्या बैठकांमध्ये मला दोन प्रकारचं बोलणं ऐकू आलं. काही जणी म्हणाल्या, "परदेशात माल जाणार म्हणजे चांगलाच भाव." काही म्हणाल्या, "परदेशाचं काही खरं नाही, कांद्याची गत बघितली ना?" दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. म्हणून ठरावाला हात वर करण्याआधी परदेशी व्यापारानं देश कसा वाढतो आणि त्यातलं बाईच्या पदरात काय पडतं, हे थोडं समजून घेऊ.

सुरुवात आपल्या चुलीपासून करू. आपला देश जेवढं खाद्यतेल खातो, त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनकडून. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं तीन-साडेतीन आठवडे पामतेल बाहेर पाठवणं बंद केलं. आपण त्या देशांचं नाव घेतो न घेतो, पण तेलाची पिशवी घेताना भाव त्यांचाच मोजतो. डिझेल ज्याच्यापासून निघतं ते कच्चं तेल तर शंभरातलं ऐंशीहून जास्त आपण बाहेरून आणतो.

हा माल बहुतेक करून डॉलरमध्ये मिळतो, आणि डॉलर काही आपल्याकडे छापले जात नाहीत. आपण बाहेर काही विकलं, किंवा परदेशात कामाला गेलेल्या माणसांनी घरी पैसे पाठवले, की ते येतात. नाहीतर कर्ज काढावं लागतं. १९९१ साली आपल्या देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांची खरेदी भागेल एवढीच परदेशी गंगाजळी उरली होती. तेव्हा रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवून कर्ज घेतलं. घरात अडचण आली की आपण अंगावरचं काढून देतो, तसंच झालं. बाहेर विकणं देशाला का लागतं, याचं पहिलं उत्तर हे.

दुसरं उत्तर आपल्याला आठवडे बाजारावरून कळेल. एखादी ताई पापड करते. गावात पन्नास घरं असतील तर ती करून करून किती करणार? तालुक्याच्या बाजारात गिऱ्हाईक मिळालं की ती दोघींना कामाला घेते, पीठ घाऊक आणते, हात बसतो, खर्च कमी होतो. देशाचंही तसंच आहे. वर्षभरात देशात जेवढा माल तयार होतो आणि जेवढी सेवा दिली जाते, त्याची किंमत वाढली की देश वाढला असं म्हणतात. घरचं गिऱ्हाईक गरीब असेल, तर बाहेरचं गिऱ्हाईक ती वाढ लवकर करून देतं.

याचं एक उदाहरण मी मुद्दाम बायकांच्या कामाचं निवडलं आहे. ते बांगलादेशचं.

बांगलादेश १९७१ साली स्वतंत्र झाला. लढाईनं मोडलेला, पुरानं गांजलेला देश. बाहेर विकायला मुख्य म्हणजे ताग, आणि तागाच्या गोणीची जागा हळूहळू प्लॅस्टिकची गोणी घेत होती. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या 'देश गारमेंट्स' या कंपनीनं दक्षिण कोरियाच्या 'देवू' कंपनीशी करार केला. सुमारे १३० माणसं शिवणकाम आणि कारखाना चालवणं शिकायला कोरियाला गेली. त्यांत काही बायकाही होत्या. परत आल्यावर त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे दुसरे कारखाने उभे केले किंवा तिथे जाऊन काम बसवून दिलं. म्हणजे परदेशी व्यापारातून आधी आलं ते शिक्षण, त्याच्या मागून पैसा.

आणखी दोन गोष्टी जुळून आल्या. त्या काळी श्रीमंत देश कुठल्या देशाचा किती कपडा घ्यायचा याचा कोटा ठरवत. कोरियाचा कोटा भरत आला होता, बांगलादेशला मोकळीक होती. आणि तिथल्या सरकारनं सोय अशी केली की बाहेरच्या ऑर्डरच्या जोरावर कापड उधारीवर मागवता यावं, आणि शिवून परत बाहेर जाणाऱ्या त्या कापडावर आयात कर लागू नये. त्यामुळे हाताशी मोठं भांडवल नसलेल्यालाही कारखाना काढता आला. कोटा पद्धत २००४ च्या शेवटी संपली, तरी त्यांचा धंदा टिकला, कारण तोपर्यंत हात तयार झाले होते.

आज बांगलादेश बाहेर जो माल विकतो, त्यातला शंभरातला ऐंशीहून जास्त शिवलेला कपडा आहे. सुमारे ४० लाख माणसं त्या कामात आहेत आणि निम्म्याहून जास्त बायका आहेत. खेड्यातून आलेल्या, बहुतेक जणी पहिल्यांदाच पगार हातात घेणाऱ्या. अभ्यास करणाऱ्यांना असं दिसलं की ज्या गावांच्या जवळ कारखाने आले, तिथल्या मुलींची लग्नं उशिरा व्हायला लागली आणि मुली शाळेत जास्त वर्षं राहिल्या. कारण साधं आहे. शिकलेल्या मुलीला काम मिळतंय हे बापाला डोळ्यांनी दिसलं. आपल्या कापसाचा आणि सुताचाही तो देश मोठा गिऱ्हाईक आहे. त्यांच्याकडे मशीन चाललं की इकडच्या जिनिंगचंही काम चालतं. व्यापारानं देश वाढतो तो असा.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू ऐका.

२४ एप्रिल २०१३. ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. आत कपडे शिवणारे कारखाने होते. १,१३४ माणसं गेली, त्यांत बायकाच जास्त. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली. शिवणाऱ्या कामगारांना मात्र कामावर बोलावलं. ऑर्डर वेळेवर गेली नाही तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, ही भीती होती. एकच धंदा, गिऱ्हाईक परदेशी आणि ताकदवान, आणि काम करणारीला "मी आत जाणार नाही" म्हणायची सोय नाही. तेव्हा देशाचा आकडा वाढत होता आणि बाई मरत होती.

त्यानंतर जे बदललं ते आपोआप बदललं नाही. देशातल्या आणि जगातल्या कामगार संघटनांनी मोठ्या कपडा कंपन्यांकडून त्याच वर्षी करार लिहून घेतला. तो कायद्यानं बांधणारा होता. कारखान्यांची तपासणी झाली, दुरुस्त्या झाल्या. किमान पगार ३,००० टका होता, तो २०१३ च्या शेवटी ५,३०० झाला, २०१८ मध्ये ८,००० आणि २०२३ मध्ये १२,५००. दर वाढीच्या मागे संघटना आणि आंदोलनं होती. महागाई बघता अजूनही तो पुरत नाही असं तिथले कामगार म्हणतात. २०२० मध्ये करोना आला तेव्हा परदेशी कंपन्यांनी अब्जावधी डॉलरच्या ऑर्डर रद्द केल्या किंवा थांबवल्या. काही ठिकाणी माल शिवून तयार होता. कितीतरी बायका त्या महिन्यात पगाराविना घरी गेल्या.

आता आपल्या कांद्याकडे येते, कारण त्याचंही मोठं गिऱ्हाईक हाच बांगलादेश. २९ सप्टेंबर २०१९ ला आपल्या सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. शहरात भाव कडाडले होते. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या आणि भर सभेत हसत म्हणाल्या, मी स्वयंपाक्याला सांगितलंय की कांदा घालू नकोस. बोलणं हसण्यावारी गेलं, पण त्यांच्या देशात कांदा विमानानं आणावा लागला. ती बंदी मार्च २०२० मध्ये उठली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरमध्ये पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं. सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून काढलं.

लासलगावच्या लिलावात त्या वेळी भाव कसे पडले, ते मी तुम्हाला सांगायला नको. चाळीत कांदा ठेवून वाट बघणाऱ्या घरांतल्याच आपण. शहरातल्या गरीब बाईलाही कांदा परवडायला हवा, हे मला मान्य आहे. पण तिच्या भाकरीचा भार एकट्या शेतकऱ्यावर का, हा प्रश्न उरतोच. आणि दुसरं नुकसान हळूहळू होतं. वेळेला माल मिळत नाही असं कळलं की गिऱ्हाईक दुसरं दार शोधतं. बांगलादेशनं पाकिस्तान, चीन, इजिप्त, तुर्कस्तानकडून कांदा घेतला आणि स्वतःच्या शेतातही लागवड वाढवायला घेतली. तुटलेलं गिऱ्हाईक परत जोडणं किती अवघड असतं, हे पापड-मसाला विकणाऱ्या आपल्या तायांना विचारा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. २०२० च्या बंदीत ताजा कांदा अडकला, चिरून-भुकटी केलेला कांदा त्यातून वगळला होता. कच्चा माल आणि तयार माल यात हा फरक पडतो. तयार माल टिकतो, त्याचं मोल वाढतं, आणि त्यात आपल्या हाताचं काम असतं. म्हणून युनिटचा विचार चुकीचा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

पण बांगलादेशच्या बायकांनी जे मोजून शिकलं, ते आपण आधी विचारून घेऊ. चार प्रश्न आहेत.

पहिला, माल. एक किलो सुका कांदा करायला आठ-दहा किलो ओला कांदा लागतो. सुकवायला पांढरा कांदा जास्त चालतो, आपल्याकडे लाल जास्त पिकतो. मग पांढरा कुणाच्या रानात लावायचा, आणि कारखान्यापर्यंत तो काय भावानं पडेल? गुजरातेत महुव्याला कांदा सुकवण्याचे बरेच कारखाने आहेत. मशीन घेण्याआधी आपल्या चार जणींनी तिथे जाऊन बघून यावं.

दुसरा, गिऱ्हाईक. सगळा माल एकालाच द्यायचा ही अट आपण का मानावी? व्यापारी उद्या म्हणाला, "यंदा बाहेर उठाव नाही," तर बँकेचा हप्ता थांबणार नाही. निदान काही भाग स्थानिक मसालेवाले, हॉटेलं, आपलं स्वतःचं दुकान यांना विकायची मोकळीक करारात लिहून घेऊ. आणि भाव कसा ठरणार, पैसे किती दिवसांत मिळणार, ऑर्डर रद्द झाली तर तयार मालाचं काय, हेही लेखी.

तिसरा, शिक्षण. त्या १३० माणसांचं लक्षात ठेवा. मशीन चालवणं, मालाची प्रत तपासणं, बिल करणं, निर्यातीचे कागद समजणं, हे आपल्या मुली-सुना शिकणार की व्यापाऱ्याचा माणूस येऊन करणार? आपल्या वाट्याला नुसतं सोलणं-चिरणं आलं, तर आपण आपल्याच युनिटमध्ये मजूर.

चौथा, काम करणारी. मजुरी किती, तास किती, मोकळी हवा, पाणी, संडास, मशीनला जाळी. आणि एखादीनं "हे धोक्याचं आहे" म्हटलं तर मशीन थांबवायचा अधिकार कुणाला? माझं म्हणणं, तो त्या कामावरच्या बाईला असावा, आणि तसं ठरावात लिहावं.

देशाचा व्यापार आपण इथे बसून ठरवू शकत नाही. बंदी कधी लागेल, डॉलर किती चढेल, हे आपल्या हातात नाही. करार कसा करायचा, एकटीनं करायचा की बाराशे जणींनी मिळून, हे मात्र आपल्या हातात आहे. एकट्या ताईला व्यापारी अट घालतो. महासंघाशी त्याला बोलणी करावी लागतात.

म्हणून माझी विनंती अशी की आज हो किंवा नाही असा हात वर करू नका. हे चार प्रश्न प्रत्येक गटाच्या येत्या बैठकीत घ्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचंही म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या महिन्याच्या सभेला ते घेऊन या. व्यापाऱ्यालाही त्या सभेला बोलावू. अध्यक्षताईंनी परवानगी दिली तर त्याच्यासमोरच एकेक प्रश्न वाचू.