सुनेचं रक्त, मुलाचं रक्त
(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधणारा माणूस आहे. या विषयाकडे वळलो तो माझ्या खालाच्या नातवामुळे. सात-आठ महिन्यांचा असताना तो पांढराफटक पडायला लागला, दूध पिईना, पोट फुगलेलं. आधी लोहाची औषधं दिली गेली. ती या आजारात द्यायची नसतात, हे आम्हाला नंतर कळलं. शेवटी निदान झालं: बीटा थॅलेसेमिया मेजर. म्हणजे शरीर नीट हिमोग्लोबिन तयार करू शकत नाही. दर तीन आठवड्यांनी बाहेरून रक्त चढवायचं, आणि त्या रक्तातून साठत जाणारं लोह काढायला रोज औषध घ्यायचं. जन्मभर.

मुलाचे वडील माझे मावसभाऊ, आई आमच्या मामूंची मुलगी. घरात पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: "सुनेच्या रक्तातच खोट आहे." दुसरी नजर लागल्याची. आणि तिसरी एका शहरातल्या डॉक्टरची. फाइल न उघडताच तो म्हणाला, "तुमच्या लोकांत हे असंच असतं." तेव्हा मला यातल्या कुणालाच उत्तर देता आलं नव्हतं. पुढे वाचलं, विचारलं. आज जे सांगतोय ते त्यातूनच आलेलं आहे.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यावर चार अक्षरांत लिहिलेला मजकूर आहे, एका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरं. त्यात प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी साधारण २० हजार जनुकं. हा मजकूर वाचायचा जागतिक प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, २००३ मध्ये तो पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. राहिलेल्या कठीण जागा तर २०२२ मध्ये वाचून झाल्या. आमच्या धंद्यात 'काम संपलं' म्हटल्यावरही वीस टक्के काम उरतं, तसंच काहीसं.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. आम्ही सर्व्हरचा बॅकअप ठेवतो तसं समजा. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालतं. बीटा ग्लोबिनचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याची एक प्रत बिघडलेली असेल तर माणूस 'वाहक' असतो: खातो, पितो, पळतो, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. त्याला आयुष्यभर कळतही नाही. पण दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. इथे एक गैरसमज फार आढळतो. 'पहिलं मूल आजारी झालं, म्हणजे पुढची तीन चांगली होणार.' तसं नाही. नाणं दर वेळी नव्याने उडवलं जातं, त्याला मागचं काही आठवत नाही.

म्हणजे सुनेला बोल लावणाऱ्यांना उत्तर मिळालं. मूल आजारी व्हायला दोन बिघडलेल्या प्रती लागतात, आणि त्यातली एक तुमच्या मुलाकडून आलेली असते. ज्या घरांत मुलगी झाली म्हणून बाईला टोमणे मारतात, तिथेही हीच गत. आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येतं, वडिलांकडून एक्स किंवा वाय. नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन बाईंनी किड्यांचा अभ्यास करून हे १९०५ मध्येच दाखवलं होतं. सव्वाशे वर्षं होत आली, निरोप अजून काही घरांत पोचलेला नाही.

माझ्या आजोळी काय झालं असेल? नाना किंवा नानी, कुणीतरी एक वाहक. त्यांच्याकडून ती एकच बिघडलेली प्रत खालाकडे गेली आणि मामूंकडेही. खालाकडून तिच्या मुलाकडे, मामूंकडून त्यांच्या मुलीकडे. त्या दोघांचं लग्न झालं आणि एकाच माणसाकडून निघालेल्या दोन प्रती एका बाळात येऊन भेटल्या.

आता नात्यातल्या लग्नाबद्दल. हा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोकं दिसतात. एक म्हणतं, धर्मात परवानगी आहे, बोलायचं नाही. दुसरं म्हणतं, अशी मुलं अपंगच होतात. दोघांनीही आकडे पाहिलेले नसतात. सख्ख्या चुलत, मावस, मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरात, जिथे पाकिस्तानी वंशाची मोठी वस्ती आहे, हजारो बाळांचा अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मजात दोषाचं प्रमाण सुमारे ३ टक्के असतं, सख्ख्या भावंडांच्या मुलांत ते साधारण ६ टक्के आढळलं. म्हणजे दुप्पट. आणि म्हणजेच शंभरातली ९४ मुलं ठीक. ही दोन्ही वाक्यं एकाच श्वासात म्हणता आली पाहिजेत.

पण सरासरीच्या मागे लपू नका. तुमच्या घरात एखादा आजार आहे हे माहीत असेल, तर गणित बदलतं. समजा मुलगा थॅलेसेमियाचा वाहक आहे. भारतात साधारण ३० माणसांमागे एक वाहक मिळतो. बाहेरची मुलगी केली तर ती वाहक असण्याची शक्यता तीसात एकच्या आसपास. सख्खी मामेबहीण केली तर किमान आठात एक. धर्मात परवानगी आहे हे खरं, पण ती परवानगी आहे, सक्ती नाही. आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच दोन घरांत सोयरीक होत राहिली, तर हिशोब वाढत जातो.

हे फक्त आपलं आहे का? मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही समजूत महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू जातींत आहे, कर्नाटक-आंध्रात तर त्याहून जास्त. चार्ल्स डार्विनने एमा या आपल्या सख्ख्या मामेबहिणीशी लग्न केलं. दहापैकी तीन मुलं लहानपणी गेली. त्या काळात मुलं इतर कारणांनीही जात, पण त्याला ही शंका छळत राहिली. १८७१ च्या जनगणनेत नात्यातल्या लग्नाचा प्रश्न विचारावा म्हणून त्याने खटपट केली. संसदेने ती नाकारली.

आणि नात्यात लग्न नसलं तरी जातीत, जमातीत असतं. २०१३ मधल्या एका मोठ्या अभ्यासानुसार भारतातले गट साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत भरपूर मिसळत होते. नंतर दारं बंद झाली. दारं बंद झालेल्या प्रत्येक गटात स्वतःचे काही दोष साठत जातात. सिंधी आणि लोहाणा समाजात थॅलेसेमिया जास्त आहे. आंध्रातल्या वैश्य समाजात अशी एक कमतरता आढळते, की भुलीच्या वेळी स्नायू शिथिल करणारं औषध धोक्याचं ठरू शकतं. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासींत सिकलसेल आहे. तिथे कारण वेगळं: सिकलसेलच्या वाहकाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या प्रदेशात हे जनुक टिकलं. तेव्हा 'तुमच्या लोकांत' म्हणणाऱ्या डॉक्टरला विचारायला हवं होतं, की साहेब, कुणाच्या लोकांत नसतं? आपल्याकडेही बागवानाने बागवानात, मोमिनाने मोमिनात, कोकणीने कोकणीतच द्यायचं, हे चालतंच. बोलताना 'इस्लाममध्ये जात नाही' म्हणतो आणि रिश्ता आला की आधी बिरादरी विचारतो.

त्यातच कुणीतरी सांगतं, आमचे पूर्वज अरबस्तानातून आले. एखाद्या घराण्याचे आलेही असतील. पण भारतीय मुसलमानांच्या डीएनएचे जे अभ्यास झाले, त्यांत अरबी-इराणी किंवा आफ्रिकी अंश थोडा आढळतो. मोठा भाग आसपासच्या बिगरमुस्लिम शेजाऱ्यांशीच जुळतो. तुम्हाला 'परके' म्हणणारा आणि स्वतःला 'अशराफ' म्हणवून घेणारा, दोघांचीही यात अडचण होते.

याच शास्त्राच्या नावाने भयंकर गोष्टीही झाल्या. 'चांगल्या वंशाची' पैदास करायची कल्पना डार्विनचाच भाऊबंद फ्रान्सिस गाल्टन याने मांडली, १८८३ मध्ये तिला नाव दिलं. ती अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीपर्यंत गेली आणि हिटलरच्या जर्मनीत १९३३ च्या कायद्याने सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. आपल्या इरावती कर्वे १९२७ नंतर बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. हेच फिशर पुढे नाझींचे शास्त्रज्ञ झाले. गोऱ्यांच्या कवट्यांचा आकार त्यांच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा देतो, असं त्यांना हवं होतं. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसं काही दिसत नाही, असं लिहिलं. परदेशात, गुरूच्या विरोधात, विशीतल्या बाईने.

म्हणून तपासणी आणि पैदास या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. वाहक असणं हा आजार नाही, कमीपणा नाही. सायप्रसमध्ये थॅलेसेमिया इतका होता, की रक्तपेढ्या पुरेनात. सत्तरच्या दशकापासून तिथे तपासणी सुरू झाली, चर्चनेही साथ दिली, आणि नव्या रुग्णांचा जन्म जवळजवळ थांबला. इराणमध्ये १९९७ पासून लग्नाआधीची तपासणी सक्तीची आहे, सौदी अरेबियात २००४ पासून. तिथे धर्म आड आला नाही. आपल्याकडे सिकलसेलसाठी २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे. थॅलेसेमियासाठी आपल्यालाच पुढे व्हावं लागेल. आधी साधी रक्ततपासणी, तीत तांबड्या पेशी लहान दिसल्या तर हिमोग्लोबिन ए-टूची. आयुष्यात एकदाच.

मला खरी भीती वेगळी आहे. उद्या बायोडेटात 'वाहक' लिहिलेलं दिसलं, की नाकारली जाईल ती मुलगीच. मुलाचा रिपोर्ट कुणी मागणारच नाही. माझ्या बहिणीच्या वेळी हे पाहिलं. मंगनीआधी आम्ही तपासणीचा विषय काढला, तर मुलाकडचे म्हणाले, "आमच्या मुलात काय खोट आहे?" अब्बा गप्प झाले. मग मी माझा रिपोर्ट खिशातून काढून टेबलावर ठेवला. मी स्वतः वाहक आहे. आजोळची ती प्रत अम्मीकडून माझ्याकडेही आली आहे. मुलाने तो कागद वाचला, दोनदा वाचला, आणि दुसऱ्या दिवशी घरी न सांगता जाऊन रक्त देऊन आला.

माझी बायको वाहक नाही, त्यामुळे आमच्या मुलीला आजार होण्याची भीती नाही. ती वाहक असण्याची शक्यता मात्र दोनात एक आहे. ती आता पाच वर्षांची आहे. तिची तपासणी आम्ही केलेली नाही. ती मोठी झाली की तिची तीच करेल, फक्त माझा रिपोर्ट तिच्या फाइलमध्ये लावून ठेवला आहे.