पहिलीच्या मुलाची कायमची दाढ
(मावळ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' ही म्हण दात जाणे हा दैवाचा खेळ मानते. वस्तुतः दात टिकणे अथवा जाणे हे बव्हंशी वळणावर अवलंबून असते, आणि वळण लावणे हे तर प्राथमिक शाळेचे नित्याचे कार्य होय. मात्र या वळणाची नेमकी वेळ कोणती, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

मुलाला पहिला दात साधारणतः सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांत दुधाचे २० दात पुरे होतात. पुढे सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते. वर दोन आणि खाली दोन, अशा या ४ दाढा असतात. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही. त्यामुळे घरी कोणाच्या ते लक्षातही येत नाही. आले तरी 'दुधाचीच आहे, पडेल आणि दुसरी येईल' अशी समजूत करून घेतली जाते. परंतु ती दाढ कायमची असते. ती किडून काढावी लागली, तर तिच्या जागी दुसरी येत नाही. मूल पहिलीच्या वर्गात बसते त्याच सुमारास ही दाढ येते, यातच शिक्षकाच्या कामाचे महत्त्व आहे.

यावरून दुधाच्या दातांची हयगय करावी, असे मात्र नव्हे. त्यांतील मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात व त्या पुढील दातांची जागा राखतात. गालावर हात धरून बसलेले मूल भाकरी चावू शकत नाही, रात्री झोपत नाही आणि दिवसा फळ्याकडे पाहत नाही. अशा मुलास 'मंद' ठरविण्यापूर्वी त्याच्या तोंडात एकवार पाहावे.

दात किडतो म्हणजे त्यात किडा शिरतो, हा समज अजून खेड्यापाड्यांत आढळतो. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा पाडण्याची जुनी रीत आहे. परंतु दातात असा किडा नसतो. तोंडातील सूक्ष्म जंतू दातांवर चिकटलेल्या गोड व पिठूळ अन्नापासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दाताचे कठीण कवच झिजते. गोड खाल्ल्यावर सुमारे अर्धा तास हा हल्ला चालतो. नंतर लाळ हळूहळू ती झीज भरून काढते. म्हणून गोड किती खाल्ले, याइतकेच ते दिवसातून किती वेळा खाल्ले, हेही महत्त्वाचे ठरते. दिवसभर खिशातून एकेक गोळी काढून चघळणाऱ्या मुलाच्या लाळेला उसंतच मिळत नाही.

लोणावळ्याच्या परिसरात ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. चिक्की हे या गावाचे भूषण असून तिच्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. शेंगदाणे व गूळ हे पौष्टिक खरे. परंतु गुळाचा पाक दाढेच्या खाचेत चिकटून राहतो. तेव्हा चिक्कीची निंदा करू नये. ती जेवणाबरोबर खावी आणि लगेच खळखळून चूळ भरावी, एवढे शिकवावे. मधल्या वेळेस भाजलेले शेंगदाणे किंवा बांधावरची काकडी केव्हाही बरी.

दात कशाने घासावे, हा पुढचा प्रश्न. राखुंडी, कोळशाची पूड किंवा विटकर यांनी दात क्षणभर पांढरे दिसतात. पण त्यांच्या खरखरीतपणामुळे कवच झिजते. मशेरी तर त्याहून घातक. ती भाजलेली तंबाखू होय. आजीच्या डबीतील चिमूट नात दात घासण्यासाठी म्हणून घेते आणि न कळत तिला व्यसन जडते. पुढे तोंडाच्या कर्करोगाचे भय असते. येथे शिक्षकाने फार जपून बोलावे. मुलासमोर आजीचा पाणउतारा झाला, तर घराचे दार शाळेला बंद होते. 'तुमची सवय जुनी आहे, नातीला तेवढी लावू नका,' ही विनंती बहुतेक घरांत ऐकली जाते. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली आणि २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस मनाई आहे. तथापि ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या गालात तंबाखू आहे, त्याच्या तोंडी हे कायदे शोभत नाहीत.

सकाळी एकदा आणि रात्री निजण्यापूर्वी एकदा, मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट यांनी दात घासावे. तीन वर्षांवरील मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. ती गिळू न देता थुंकावयास लावावी. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे घासणे अधिक मोलाचे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात पुरेसा वळत नाही. तोवर मोठ्या माणसाने स्वतः फिरवून घासावे. एकाचा ब्रश दुसऱ्याने वापरू नये.

शाळेत यासाठी वेगळ्या तासाची गरज नाही. मधल्या सुट्टीतील आहारानंतर सर्व मुलांनी रांगेने चूळ भरावी. पावसाळ्यात लोणावळ्यास पाण्याचा तोटा नसतो. उन्हाळ्यात ज्या वाड्यांवर पाणी लांबून आणावे लागते, तेथेही मुलामागे अर्धा पेला पुरतो. आठवड्यातून एकदा अर्ध्या वर्गाने बोटाने घासण्याची कृती करावी व उरलेल्या अर्ध्याने एक ते शंभर अंक संथपणे म्हणावे. त्यास सुमारे दोन मिनिटे लागतात आणि दात घासण्यासही तेवढाच वेळ हवा. अंकांची उजळणी होते, ती वेगळीच.

महिन्यातून एकदा उजेडात उभे करून प्रत्येक मुलाची मागची दाढ पाहावी. तिच्यावर काळा ठिपका किंवा खड्डा दिसल्यास नाव टिपून ठेवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील तपासणीत दंतक्षयाचाही समावेश आहे. पथक शाळेत येईल तेव्हा ही यादी वैद्यांपुढे ठेवावी. ठणका किंवा सूज असेल, तर पथकाची वाट न पाहता पालकांस जवळच्या सरकारी दवाखान्यात धाडावे. खड्डा लहान असतानाच भरला, तर दाढ वाचते.

पहिलीच्या प्रत्येक मुलाच्या पालकांना पहिल्याच सभेत बोलावून, मुलाचे तोंड उघडून ती दाढ प्रत्यक्ष दाखवावी आणि 'ही पुन्हा येणार नाही' एवढे एकच वाक्य सांगावे. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आईबाप सहसा विसरत नाहीत.