कायल : गाळांत बुजलेलें बंदर



दक्षिण हिंदुस्थानाचा आणि इस्लामचा संबंध कसा जुळला, असें शाळेंतल्या एखाद्या चुणचुणीत मुलास विचारिलें, तर तो बहुधा मलिक काफूरचें नांव घेईल. खिलजी सुलतानाचा हा सेनापति १३११ सालीं मदुरेपर्यंत चालून आला व अपार लूट घेऊन दिल्लीस परतला, हें खरेंच आहे. परंतु त्याचें घोडदळ येण्यापूर्वींच अरबस्तान व इराण येथील मुसलमान व्यापारी त्याच पांड्य राज्याच्या किनाऱ्यावर राजाच्या आश्रयानें नांदत होते. त्यांच्या एका बंदराची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. त्या बंदराचें नांव कायल.

तमिळ भाषेंत कायल म्हणजे समुद्राला लागून असलेली खारी खाडी. तूत्तुकुडी आणि तिरुचेंदूर यांच्या दरम्यान ताम्रपर्णी नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाशीं प्राचीन काळीं कोर्कै हें बंदर होतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत तेथील मोत्यांचा उल्लेख आहे. शिंपले काढण्याच्या कामीं शिक्षा झालेल्या अपराध्यांस लावीत, असें त्यांत म्हटलें आहे. पण जी नदी गोडें पाणी आणते, तीच गाळहि आणते. समुद्र मागें हटला, कोर्कै कोरडें पडलें आणि व्यापार खालीं कायलकडे सरकला. आपल्या सोपाऱ्याचा इतिहास ज्यांस ठाऊक आहे, त्यांस याचें नवल वाटणार नाहीं.

१२९२ च्या सुमारास व्हेनिसचा मार्को पोलो चीनहून परत जातांना या किनाऱ्यास आला. होर्मुझ, कीश, एडन वगैरे ठिकाणांहून येणारीं गलबतें कायलला लागतात, असें तो लिहितो. येथील राजा न्यायी असून परक्या व्यापाऱ्यांस जपतो, म्हणून ते येथें आनंदानें येतात, असेंहि तो सांगतो. मोत्यांच्या हंगामाचें त्याचें वर्णन तर फारच मनोवेधक आहे. निघालेल्या मोत्यांचा दहावा हिस्सा राजाचा. आणि विसावा हिस्सा मोठ्या माशांना मंत्रानें बांधून ठेवणाऱ्या मांत्रिकांचा! हा मंत्र दिवसापुरताच असे. रात्रीं तो सोडून देत, म्हणजे चोरून बुडी मारण्याची कोणाची छाती होऊं नये.

मोतीं बाहेर जात आणि घोडे आंत येत. दक्षिणेंत चांगला घोडा पैदा होत नसे आणि राजांस तर तो हवाच असे. इराणी इतिहासकार वस्साफ याचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. कीश बेटाचा अधिपति मलिक जमालुद्दीन यानें दरसाल १४०० घोडे पाठविण्याचा करार केला होता. दर घोड्यास २२० सोन्याचे दिनार पडत. आणि वाटेंत समुद्रांत मेलेल्या घोड्याचीहि किंमत पांड्य राजाच्या खजिन्यांतून दिली जाई! या व्यापारांत सर्वच कांहीं निर्मळ होतें असें मात्र नाहीं. घोडे जगूं लागले तर खप कमी होईल, म्हणून व्यापारी अश्ववैद्यांस इकडे येऊंच देत नसत, असें मार्को पोलोनें नमूद केलें आहे. नफ्याची ही नीति आजहि आपणांस अपरिचित वाटणार नाहीं.

तरीहि एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. याच जमालुद्दीनाचा भाऊ तकीउद्दीन अब्दुर्रहमान हा पांड्य राजाचा मंत्री व सल्लागार होता, आणि कायलसह तीन बंदरें त्याच्या ताब्यांत होतीं. राजा शैव, मंत्री मुसलमान. हें सर्व मलिक काफूरच्या स्वारीच्या आधीं घडलें. तलवारीच्या आधीं तराजू आला होता, आणि तराजू विश्वासावांचून चालत नाहीं.

पुढें सोळाव्या शतकांत पोर्तुगीज आले. मोत्यांच्या समुद्रावरून झगडे माजले. किनाऱ्यावरील परवर कोळ्यांनीं १५३० नंतरच्या दशकांत पोर्तुगीजांचा आश्रय घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि व्यापाराचें केंद्र हळूहळू तूत्तुकुडीस गेलें. तें ठाणें १६५८ सालीं डच लोकांनीं घेतलें. इकडे नदीचा गाळ आपलें काम करीतच होता. एकोणिसाव्या शतकांत बिशप कॉल्डवेल यांनीं जुन्या कायलची जागा धुंडाळली, तेव्हां उघड्या माळावर त्यांस चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे विखुरलेले सांपडले. पण एके काळीं येथें चीनशीं व्यापार चाले, ही आठवणसुद्धां तेथील लोकांत उरली नव्हती.

मग सर्वच नाहींसें झालें काय? तसें नाहीं. थोडें दक्षिणेस असलेलें कायलपट्टणम् आजहि नांदतें गांव आहे. तेथील मरक्कायर मुसलमानांची मायबोली तमिळ आहे. अरबी अक्षरांत तमिळ लिहिण्याची त्यांची 'अरवी' नांवाची पद्धति प्रसिद्ध आहे. जुन्या मशिदींचे दगडी खांब देवळांतील मंडपासारखे घडविलेले आहेत. मात्र त्यांवर मनुष्याची वा पशूची आकृति नाहीं. लग्नांत घर मुलीस मिळतें आणि जांवई तेथें राहावयास जातो. पुरुषांनीं व्यापारासाठीं कोलंबो, हाँगकाँग गांठावें आणि घर लेकीच्या हातीं सुरक्षित राहावें, अशी ही दर्यावर्दी लोकांना शोभणारी व्यवस्था आहे.

बंदरें गाळानें बुजतात. त्यास मनुष्याचा इलाज थोडा. परंतु तेथें कोण कोणाशीं कसें वागलें, याची आठवण बुजूं देणें न देणें हें आपल्या हातीं आहे. स्वाऱ्यांच्या सनावळ्या मुलांकडून अवश्य पाठ करून घ्याव्या. पण १३११ च्या अगोदरचें कायलहि त्यांना सांगावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.