अंगठा देण्यापूर्वी

(जोयडा तालुक्यातील कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या तालुक्याचे जुने नाव सुपे. ते सुपे गाव काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली गेले. कॅसलरॉकचा घाट फोडून रेल्वे गोव्यात उतरली, मँगनीजच्या खाणी निघाल्या, गणेशगुडीस धरण उभे राहिले. ह्या कामांत किती हातपाय कामी आले, त्याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आज आपली माणसे बांधकामावर, लाकूडकामावर आणि पर्यटकांच्या निवासस्थानांत राबतात. अपघात मात्र थांबलेले नाहीत.

पुढे काय होते, ते आपण जाणता. परांचीवरून मजूर कोसळतो. मुकादम त्यास दवाखान्यात नेतो. ही माणुसकी झाली. परंतु तिसऱ्या दिवशी तोच मुकादम थोडे पैसे आणि एक कागद घेऊन घरी येतो. कागद कानडीत असो वा इंग्रजीत, घरात तो वाचणारा नसतो. "मदत म्हणून ठेवा, येथे अंगठा करा," एवढेच सांगितले जाते.

मदत हा शब्दच खोटा आहे. ते देणे आहे! 1923 सालच्या भरपाई कायद्याने हे देणे मालकावर घातले. 21 नोव्हेंबर 2025 रोजी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली व त्या कायद्याची जागा तिने घेतली. तथापि मूळ तत्त्व कायम आहे. काम करीत असता, कामामुळे इजा झाली, एवढे पुरे. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. "तो दारू प्यायला होता" हे तुणतुणे नेहमी ऐकू येते. मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असता त्या सबबीचा मालकास काडीचा उपयोग नाही.

आता आकडे पाहा. चाळीस वर्षांचा, महिना 10,000 रुपये मिळविणारा मजूर दगावला, तर निम्मे वेतन गुणिले वयाचा गुणक 184.17, म्हणजे 9,20,850 रुपये होतात. त्याचा अंगठा समूळ तुटला, तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली असे धरतात व 3,31,506 रुपये निघतात. अंगठा गमावलेल्या माणसाकडून उरलेला अंगठा चार-दोन हजारांत उठवून घेणे, ह्याला काय म्हणावे?

हक्क सोडून दिल्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूची भरपाई तर अधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. ठेकेदार पळाला, तरी ज्याच्या धंद्याचे ते काम होते तो मूळ मालक सुटत नाही. कारखान्यातील ज्या कामगाराची राज्य विमा महामंडळाकडे नोंद आहे, त्याची वाट वेगळी. त्यास लाभ महामंडळाकडून मिळतात.

रानवाटेने कामास जाणाऱ्यांनी एक खटला ध्यानात ठेवावा. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीस निघाला असता 22 एप्रिल 2003 रोजी वाटेत अपघातात मेला. कारखाना अजून सुमारे पाच किलोमीटर दूर होता. भरपाई आयुक्ताने 3,26,140 रुपये व्याजासह मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला, कारण मरण वाटेत आले, कामावर नव्हे. त्याची विधवा लढत राहिली. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा मान्य केला. काम, वेळ आणि वाट ह्यांचा संबंध दिसत असेल, तर कामावर जाण्यायेण्यातील अपघातही कामाचाच धरावा, असा तो निकाल. नव्या संहितेतही ही तरतूद आहे.

बावीस वर्षे! इतकी वाट पाहण्याचे बळ कोणत्या मजुराच्या घरी आहे? म्हणून पहिल्या आठवड्यातच जागे व्हा. साध्या कागदावर नाव, दिवस, जागा आणि अपघात कसा झाला ते लिहून मालकास द्या व प्रत ठेवा. दवाखान्याचे कागद, हजेरीची चिठ्ठी, मजुरीची नोंद जपा. बरोबर कोण होते ते टिपून ठेवा. दावा दोन वर्षांच्या आत घाला. महिन्याभरात देणे चुकते झाले नाही, तर बारा टक्के व्याज मागा. आणि मुकादम कागद घेऊन आला, तर तो ठेवून घ्या, वाचणाऱ्याकडे न्या, आणि शाईची डबी त्यास परत द्या.